तिब, उर्दू आणि डॉक्टरकीची पदवी

भुसावळ हे रेल्वेचे गाव. येथून एक मार्ग मुंबईकडे, एक नागपूरकडे आणि एक बऱ्हाणपूर-खांडव्याकडे जातो. या तिन्ही वाटांनी आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळांतली मुले-मुली पुढच्या तालमीसाठी बाहेर पडतात. अलीकडे त्यात आरोग्यशास्त्राच्या पदवीची उमेद बाळगणारी पुष्कळ असतात, मुली तर विशेष. निकालानंतर पालक आम्हा शिक्षकांना एकच सवाल करतात, "सर, उर्दूत शिकलेलं पोर डॉक्टर होतं का?" हा सवाल नवा नाही. त्याचे उत्तर इतिहासात शोधले पाहिजे.

वैद्यकाचे ज्ञान कोणत्याही एका भाषेची मिरास कधीच नव्हते. बुकरात आणि जालीनूस यूनानी भाषेत लिहून गेले. नवव्या शतकात बगदादला हुनैन इब्न इसहाक यांनी जालीनूसचे ग्रंथ सुर्यानी आणि अरबीत आणले. हुनैन धर्माने ख्रिस्ती होते, त्यांना आश्रय मुस्लिम खलिफांचा होता आणि मूळ ग्रंथ यूनानचे. पुढे इब्न सीना यांनी 'अल-कानून' अरबीत लिहिले. बाराव्या शतकात तोलेदो शहरात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि सतराव्या शतकापर्यंत ते युरोपच्या विद्यापीठांत शिकवले जात होते. म्हणजे ज्या युरोपकडून आपण आज वैद्यक शिकतो, तोही एकेकाळी भाषांतरावरच शिकला.

आपल्या देशात काय घडले? 1822 साली कंपनी सरकारने कलकत्त्यात नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन काढली. तिथे शिकवण्याची भाषा हिंदुस्तानी, म्हणजे आपली उर्दूच होती. मुंबईतही 1826 साली डॉ. मॅक्लेनन यांनी देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा चालवली. ती 1832 मध्ये बंद पडली. कलकत्त्याची संस्था 1835 मध्ये सरकारी हुकमाने मोडली आणि तिच्या जागी इंग्रजी माध्यमाचे कॉलेज आले. 1845 साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेही इंग्रजीतूनच.

आपला खानदेश मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे आपल्या वाट्याला हीच इंग्रजी वाट आली. मात्र अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की निजामाचे राज्य लागे. तिथे चित्र वेगळे होते. 1846 साली हैदराबादला मेडिकल स्कूल निघाले आणि तिथे पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकवले जाऊ लागले. डॉ. जॉर्ज स्मिथ यांच्या काळात उर्दूत वैद्यकीय नियतकालिकही निघाले. 1880 च्या दशकात इंग्रजी आली. पण 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या भाषांतर विभागाने विज्ञानाच्या परिभाषा घडवल्या आणि वैद्यकाची पदवी पुन्हा उर्दूतून मिळू लागली. 1948 मध्ये निजामाचे राज्य संपले आणि त्यानंतर तिथेही इंग्रजी माध्यम आले. डोंगराच्या त्या बाजूला उर्दूतून शिकून डॉक्टर झालेली माणसे होती, ही गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. हे वर्ग बंद झाले ते राज्यकर्त्यांच्या निर्णयाने. भाषेला शास्त्र पेलवले नाही म्हणून ते बंद झाले नव्हते.

दुसरा प्रवाह तिबचा. पूर्वी हिकमत घराण्यात चाले, बाप मुलाला नुस्खे देई. दिल्लीच्या हकीम अजमल खान यांनी तिला कॉलेजात आणले. 1909 मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी तिब्बी मदरसा काढला. करोलबागच्या आयुर्वेदिक आणि यूनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन 1921 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. वैद्य आणि हकीम एका छताखाली शिकतील, नवे शरीरशास्त्रही शिकतील, ही हकीमसाहेबांची दृष्टी होती. 1970 च्या केंद्रीय कायद्याने या शिक्षणाला देशभर एक चौकट दिली. 2021 पासून तिची जबाबदारी भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाकडे आहे.

आज बी.यू.एम.एस. ही साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी पदवी आहे. तिच्यात कुल्लियात आहे, तशरीह आहे, मुनाफेउल-आजा आहे आणि शस्त्रक्रिया व प्रसूतिशास्त्रही आहे. जळगावचे इकरा, अक्कलकुव्याचे अहमद गरीब, मालेगावचे मोहम्मदिया ही यूनानी कॉलेजे आपल्या भागातली. बऱ्हाणपूरला सैफिया हमीदिया आहे. महाराष्ट्रातली अशी कॉलेजे 1998 मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. एम.बी.बी.एस., नर्सिंग, फिजिओथेरपी यांच्या पदव्याही याच विद्यापीठाच्या.

दारापाशी मात्र 'नीट' उभी आहे. 180 प्रश्न, 720 गुण. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रश्न गेल्यानंतर 2018 पासून ही परीक्षा उर्दूतूनही देता येते आणि त्याच वर्षापासून यूनानी प्रवेशालाही ती लागू झाली. हक्क मिळाला, पण अडचण संपली नाही. दहावीपर्यंत मूल 'खलिया' आणि 'दौराने-खून' म्हणते. अकरावीत पाऊल ठेवताच त्याचे 'सेल' आणि 'ब्लड सर्क्युलेशन' होते. पुस्तक इंग्रजी, व्याख्यान इंग्रजी, शिकवणीही इंग्रजी. हुशार पोर पहिल्या सहा महिन्यांत गप्प होते. त्याला विषय कळत नाही असे घरचे समजतात. खरे तर ते शब्दांत अडकलेले असते. त्यातले कोणी कला शाखेकडे वळते, कोणी घरी बसते. मुलगी असेल तर बहुधा तिचे शिक्षणच थांबते.

म्हणून आम्हाला वाटते, वाद उर्दू की इंग्रजी हा नाहीच. हुनैन यांनी दोन भाषांमध्ये पूल बांधला, उस्मानियाच्या भाषांतरकारांनी तेच केले. तेच काम आज उर्दू शाळेच्या विज्ञान शिक्षकाचे आहे. आठवीपासून फळ्यावर प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहावी, वहीच्या मागच्या पानांवर मुलांनी स्वतःचा कोश करावा. याला अनुदान लागत नाही की ठराव लागत नाही. अंजुमनांनी नुसते सत्कार करण्यापेक्षा अकरावीच्या पहिल्या सहा महिन्यांत शिकवणीची सोय करावी. पालकांनीही यूनानीला 'नंबर लागला नाही म्हणून' घेतलेली पदवी समजू नये. ज्याला उर्दू येते, त्याला तिबच्या जुन्या ग्रंथांची किल्ली आधीच हाती आहे.

तेव्हा पालकांच्या त्या सवालाला आमचे उत्तर असे आहे : होय, होतं. आधीही झालं आहे. मात्र त्याच्या हाती दुसऱ्या भाषेचे शब्द वेळेवर द्यायला हवेत, आणि ते देणे आपल्याच हातात आहे.