पेटीतल्या स्लाइड आणि आपला इतिहास

७ डिसेंबर १९५६ ची बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून फिल्मवर टिपली, म्हणून आज ती आपल्याला दिसते. त्यासाठी त्यांनी सरकारची वाट पाहिली नाही. मग रिसोड, कारंजा, मंगरूळपीरच्या घरांतल्या पेट्यांत पडलेल्या स्लाइडसाठी आपण कुणाची वाट पाहतोय?

वाशिम जिल्हा झाला १९९८ मध्ये. नामांतराचा लढा त्याआधीचा, १९७८ ते १९९४ चा. त्या काळातला आपला तालुका कागदोपत्री अकोल्यात सापडतो (सापडलाच तर!).

फोटो फाटला तर निगेटिव्ह असते. स्लाइडला तेही नसते. २४ बाय ३६ मिलिमीटरचा तो तुकडाच मूळ पुरावा. त्याचे रंग उडतात, बुरशी लागते. आम्ही म्हणतो, घरीच सुरुवात करा. ब्लोअरने धूळ उडवा, पाणी लावू नका. पांढऱ्या लाइट पॅनेलवर ठेवून मॅक्रो लेन्सने फोटो घ्या, दोन ठिकाणी जपा. चौकटीवर पेनाने लिहिलेले गाव, तारीखही टिपा.

आणि नावे! पुढाऱ्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्यामागे पांढऱ्या लुगड्यात उभी असलेली बाई कोण, हे घरातली आजी सांगेल. तिला या आठवड्यातच विचारा.