शीशमहाल आमेरचा नव्हे, अंधेरीचा

‘मुगल-ए-आझम’मधला शीशमहाल जयपूरजवळच्या आमेरच्या किल्ल्यात आहे, हे विधान आता इतक्या सहजपणे केले जाते की त्यावर शंका घेणाराच अडाणी ठरतो. आमच्या कोकणातल्या कसालहूनही मंडळी राजस्थानच्या सहलीला जातात. परत आली की तिठ्यावर चहा घेताना मोबाइलवरचे फोटो दाखवतात, आरशांच्या नक्षीवर बोट ठेवतात आणि ठामपणे सांगतात, “मधुबाला हंयच नाचलली.” तिथल्या गाइडने तसे सांगितलेले असते. गाइडला त्याच्या आधीच्या गाइडने सांगितलेले असते. अशा रीतीने एक चुकीची गोष्ट पिढीजात होते.

हे मत साफ चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. तो शीशमहाल मुंबईत, अंधेरीच्या मोहन स्टुडिओत, सुतारांनी आणि काच कारागिरांनी उभा केला होता. ज्या चित्रपटावर माझे मनापासून प्रेम आहे, त्यातल्या सर्वांत मोठ्या कामगिरीचे श्रेय भलत्याच वास्तूला जाताना मला गप्प बसवत नाही. दोन्ही बाजू मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी. आमेरवाल्यांचे म्हणणे पोकळ नाही. पहिली गोष्ट, दिग्दर्शक के. आसिफ या चित्रपटासाठी राजस्थानात गेले होते, हे खरेच आहे. युद्धाच्या दृश्यांसाठी 2,000 उंट, पुष्कळ घोडे आणि 8,000 सैनिक वापरले गेले. सैनिकांतले बरेचसे भारतीय सैन्याच्या जयपूर पलटणीतले होते. अकबराच्या भूमिकेतले पृथ्वीराज कपूर तापलेल्या वाळूवरून अनवाणी चालले, तेही खोट्या वाळूवरून नव्हे. दुसरी गोष्ट, आसिफ यांना नकली काही चालतच नसे. कपडे शिवायला शिंपी दिल्लीहून, भरतकाम सुरतेकडचे, दागिने हैदराबादच्या सोनारांचे, मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांचे, चिलखते आणि हत्यारे राजस्थानी लोहारांची, पादत्राणे आग्र्याची. असा हट्टी माणूस खरा शीशमहाल हाताशी असताना खोटा कशाला बांधेल? तिसरी गोष्ट डोळ्यांची. पडद्यावर जे लखलखते ते पुठ्ठ्याचे आणि प्लास्टरचे वाटत नाही. आणि चौथे, अधिक चतुर म्हणणे असे की मोठा दरबार स्टुडिओतला असेलही, पण आरशांची जवळून घेतलेली दृश्ये तरी आमेरचीच असणार.

पूर्वपक्ष इतका नीटनेटका आहे की पुष्कळ लोक इथेच थांबतात. आपण पुढे जाऊ.

सुरुवात तारखांपासून करतो, कारण तारखांना कुणाची भीड नसते. आमेरचा शीशमहाल मिर्झाराजा जयसिंहाच्या कारकिर्दीतला. मराठी वाचकाला हा माणूस परका नाही. 1665 च्या जूनमध्ये पुरंदरचा तह करून शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेणारा हाच तो जयसिंह. त्याचा जन्म 1611 चा. अकबर वारला 1605 साली. म्हणजे ज्या बादशहाच्या दरबारात मधुबालाची अनारकली नाचते, तो बादशहा जाऊन जवळजवळ सहा वर्षांनी आमेरचा शीशमहाल बांधणारा जन्माला आला. ‘अस्सलपणाच्या हट्टापायी आसिफ आमेरला गेले’ असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. अकबराच्या काळासाठी आमेर जितके खोटे, तितकेच अंधेरी खोटे. मी प्रामाणिकपणे मान्य करतो की तारखांवरून चित्रीकरणाची जागा ठरत नाही. दिग्दर्शक हवी ती इमारत वापरू शकतो. पण अस्सलपणाचा युक्तिवाद मात्र इथे संपतो.

लाहोरचे नाव घेणारेही काही आहेत. त्यांचे अर्धे बरोबर आहे. अंधेरीतला सेट लाहोरच्या किल्ल्यातल्या शीशमहालाच्या धर्तीवर उभारला होता, कारण अनारकलीची दंतकथा लाहोरची. पण तो महालही शाहजहानच्या वेळचा, 1631-32 चा. शिवाय फाळणीनंतर तो सीमेपलीकडे गेला. नमुना लाहोरचा आणि चित्रीकरण लाहोरचे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता आकाराकडे वळू. मोहन स्टुडिओतल्या सेटची मापे नोंदलेली आहेत: लांबी 150 फूट, रुंदी 80 फूट, उंची 35 फूट. म्हणजे 12,000 चौरस फुटांची मोकळी जमीन आणि तिच्यावर तीन मजल्यांएवढे छत. कलादिग्दर्शक एम. के. सय्यद यांच्या देखरेखीखाली हे काम झाले. काच बेल्जियमची, बसवणारे हात फिरोजाबादचे. सेट उभा राहायला दोन वर्षे लागली आणि 15 लाखांहून अधिक रुपये खर्ची पडले. त्या काळी एवढ्या पैशात एक अख्खा चित्रपट निघे. पैसा घालणारे दिवाळखोरीच्या भीतीने हवालदिल झाले. आता वाचकांनीच सांगावे: जयपूरला तयार महाल उभा असताना, तिथे फौज घेऊन जाण्याची ऐपत आणि ओळख असताना, कोणता शहाणा माणूस दोन वर्षे आणि 15 लाख रुपये एका खोट्या महालात घालील? याला एकच उत्तर संभवते. जे त्याला हवे होते, ते आमेरला नव्हते.

नव्हते म्हणजे काय? आमेरचा शीशमहाल ज्यांनी पाहिला आहे त्यांनी तो आठवून पाहावा. समोर बाग. बागेकडे तोंड करून उघडी असलेली कमानदार दालने. आटोपशीर जागा, डोक्यावर फारसे उंच नसलेले छत. राजाने निवांत बसावे, एखादी ज्योत लावावी आणि छतावर चांदण्या फुललेल्या पाहाव्यात, यासाठी ती वास्तू घडवली आहे. अप्रतिम आहे ती. पण तिथे बादशहाचे सिंहासन, राणीची बैठक, शहजाद्याची बैठक, दरबारी, दासी, वादक आणि मधोमध गिरक्या घेणारी नर्तकी कुठे बसवणार? कॅमेरा मागे कुठे नेणार? चित्रपटातला शीशमहाल चहूबाजूंनी बंद, खोल आणि उंच आहे. आमेरचे दालन अंगणाकडे उघडे आहे. पुढचे काही न मांडताही मोठ्या दृश्यांपुरता हा मुद्दा निकालात निघतो.

यापुढचा मुद्दा प्रकाशाचा. या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत प्रिय भाग हाच, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. ‘मुगल-ए-आझम’ मुळात कृष्णधवल चित्रपट. चित्रीकरण बरेच पुढे गेल्यावर आसिफ यांनी टेक्निकलरमध्ये काही भाग घेतला, आणि शीशमहालातले नृत्य हे त्यांतले मुख्य. त्या काळच्या रंगीत फिल्मला अफाट प्रकाश लागे. मोठाले दिवे पेटले की आरसे त्यांचा उजेड थेट कॅमेऱ्यात परत फेकत. भिंतीवर हजारो आरसे म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्यात हजारो दिवे. परदेशी जाणकारांनी, त्यांत डेव्हिड लीनसारख्या दिग्दर्शकानेही, हा नाद सोडून द्या असे सांगितले. आसिफ आपल्या प्रकाशयोजनेच्या माणसांना घेऊन सेटवर ठाण मांडून बसले. अखेर उपाय सापडला तो हाताने करायचा. प्रत्येक आरशावर मेणाचा पातळ थर. थर जाड झाला तर प्रतिमा मरते. अगदीच विरळ राहिला तर झगमगाट तसाच. मधल्या नेमक्या जाडीला आरसा डोळे दिपवत नाही आणि तरी समोरचे दाखवतो. छायालेखक आर. डी. माथुर यांनी जागोजागी कापडाच्या पट्ट्या लावून दिव्यांचा प्रकाश त्यांच्यावर आपटवून मऊ केला. थेट दिवा नाही, परतलेला उजेड. पडद्यावर जो शांत, सोनेरी लखलखाट दिसतो तो या मेणाचा आणि कापडाचा आहे.

मग प्रश्न असा. तीनशे वर्षांच्या नक्षीकामावर मेण फासायला आमेरमध्ये कोणी परवानगी दिली असती? दिली असती तर ते मेण काढले कोणी? शिड्या, पराती, दिव्यांचे मनोरे, त्यांच्या तारा, तापलेल्या दिव्यांची धग, हे सगळे त्या नाजूक दालनांत महिनोन्‌महिने मांडून ठेवता येईल काय? चुकत, शिकत, पुन्हा चुकत केलेले काम हे. अशा कामाला स्वतःच्या मालकीची भिंत लागते. आरसा काढून पुन्हा बसवता आला पाहिजे, खांब हलवता आला पाहिजे. ही मोकळीक फक्त सेटवर मिळते.

इथे ‘जवळची दृश्ये आमेरची’ म्हणणारे चतुर प्रतिपक्षी पुढे येतील. त्यांच्यासाठी मी शीशमहालातल्या त्या नृत्याच्या गाण्यातले सर्वांत प्रसिद्ध दृश्यच पुढे करतो. अनारकली गिरकी घेते, आणि छतावरच्या आरशांत एकाच वेळी असंख्य अनारकली गिरकी घेऊ लागतात. बादशहा वर पाहतो तर जिकडेतिकडे तीच. कथेचा सारा जोर या एका प्रतिमेत आहे. एका मुलीला कैद करता येईल, पण तिच्या इतक्या प्रतिमांना कसे करणार? आता नीट पाहा. प्रत्येक आरशात अनारकलीची आकृती ओळखता येते: घेर, हात, मान. आमेरच्या छतात काय आहे? वेलबुट्टीच्या नक्षीत जडवलेले काचांचे बारीक तुकडे, त्यांतले बरेच फुगीर. त्यांत ज्योत चांदणीसारखी चमकते. पण खाली नाचणाऱ्या माणसाचा फार तर रंगाचा ठिपका होईल. कॅमेऱ्याला आकृती दाखवायची तर आरसा मोठा हवा, त्याचा कोन नर्तकीच्या जागेवरून मोजून बसवलेला हवा, आणि त्याच आरशात कॅमेरा, दिवे, माणसे येता कामा नयेत. राजाच्या डोळ्यांसाठी केलेले छत आणि भिंगासाठी केलेले छत यांत हा फरक आहे. हे छत भिंगासाठी केलेले आहे. म्हणजे जे दृश्य आमेरचे असण्याची सर्वांत जास्त शक्यता सांगितली जाते, तेच आमेरला सर्वांत अशक्य.

राहता राहिले राजस्थानातले चित्रीकरण. युद्ध मैदानात झाले म्हणून नाचही किल्ल्यात झाला, हे कुठले तर्कशास्त्र? फौजेला मैदान लागते, नाचाला छप्पर. आसिफ यांनी जिथे खरे परवडत होते आणि शक्य होते तिथे खरे घेतले; जिथे खऱ्याने काम भागत नव्हते तिथे त्यापेक्षा सरस घडवले. कोल्हापूरचे मुकुट हे याचेच उदाहरण. ते मुकुट मोगलांच्या खजिन्यातले नव्हते. कोल्हापूरच्या माणसांनी ते घडवले होते, आणि त्यामुळे ते हिणकस ठरत नाहीत.

‘डोळ्यांना खरे वाटते’ हा पुरावा तर मला विशेष खटकतो, तोही आमच्या भागातल्या माणसाच्या तोंडी. आपण दशावतार पाहत वाढलेली माणसे. मागे एक पडदा, पुढे एक बाकडे. त्याच बाकड्यावर इंद्र बसतो आणि तेच कैलासही होते. घडवलेले खरे वाटणे हा घडवणाऱ्याचा गुण आहे, हे आपल्याला कुणी शिकवायला हवे काय? अंधेरीतला महाल खरा वाटला, तर शाबासकी फिरोजाबादच्या कारागिराला द्यायची की जयपूरच्या राजाला?

मग ही समजूत एवढी पसरली कशी? मला दोन कारणे दिसतात. 5 ऑगस्ट 1960 ला मुंबईच्या मराठा मंदिरात चित्रपट लागला, तेव्हा प्रेक्षक कृष्णधवल पाहत बसलेले असत आणि शीशमहाल एकाएकी रंगांत उजळे. हा भाग निराळा आहे, मुद्दाम रचलेला आहे, हे न सांगता कळत होते. 2004 साली सगळा चित्रपट रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला आणि तो सांधा बुजला. नव्या प्रेक्षकाला वाळवंट, किल्ला आणि शीशमहाल एकाच रंगात, एकाच ठिकाणचे वाटू लागले. दुसरे कारण अगदी साधे आहे. मोहन स्टुडिओ आज उरलेला नाही. तिथे तिकीट नाही, गाइड नाही, फोटो काढायला भिंत नाही. आमेरमध्ये हे सारे आहे. पाहता येणारी जागा न पाहता येणाऱ्या जागेचे श्रेय घेऊन जाते.

माझे मत बदलायला मी तयार आहे. त्यासाठी एकच पुरावा पुरेल. आमेरच्या शीशमहालाच्या खांबापाशी संगमरवरात कोरलेले एक फूल आहे. त्यात फुलपाखरू, माशाची शेपटी, हत्तीची सोंड, नाग, विंचू, कणीस असे आकार हाताने झाकून झाकून दाखवता येतात, आणि तिथला प्रत्येक गाइड ते कौतुकाने दाखवतो. त्या गाण्याच्या कोणत्याही चौकटीत, कोणत्याही कोपऱ्यात, ते फूल किंवा त्या पलीकडची बाग मला दाखवावी. ज्या दिवशी कोणी दाखवील, त्या दिवशी कसालच्या तिठ्यावर उभा राहून मी हा लेख मागे घेईन. तोवर तो महाल अंधेरीचा.