खडे, शिंपले आणि परकी भाषा

आपण भिलाईकर मराठी मंडळी भाषांच्या संगमावर राहतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील या भागात तेलुगू, बंगाली, मलयाळी, पंजाबी, ओडिया अशी नाना मुलखांची माणसे येऊन वसली. त्यांच्या बरोबरीने आपणही आलो. येथील मराठी मूल घरात मराठी बोलते, खेळावयास गेले की हिंदी बोलते, बाजारात छत्तीसगढी ऐकते आणि चौथ्या-पाचव्या वर्षी इंग्रजी शाळेच्या बाकावर जाऊन बसते. पहिल्या तीन भाषा त्याला कोणी शिकविल्या, असे विचारले तर आईबापांना उत्तर सुचत नाही. चौथीसाठी मात्र पुस्तक, घोकंपट्टी, शिकवणी आणि पुष्कळदा अश्रू, एवढा सरंजाम लागतो. घरी अखंड बडबड करणारे मूल वर्गात मुके का होते, ही चिंता आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल. तिचे उत्तर शोधू जाता एक मराठी इतिहास हाती लागतो, आणि तो येथे सांगावासा वाटतो.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. मूल हातांनी शिकते, हा त्यांचा सिद्धान्त. अक्षर दाखविण्याआधी खरखरीत कागदातून कापलेल्या अक्षरावरून मुलाचे बोट फिरवावयाचे, ही त्यांची रीत. हा विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरला आणला आणि १९२० साली तेथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू झाले. राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून एक मराठी विदुषी त्या बालमंदिरात दाखल झाल्या. त्या ताराबाई मोडक. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, पुढे १९३६ साली दादरला शिशुविहार निघाला. परप्रांतात राहून दुसऱ्या भाषेच्या मुलांत रमलेल्या ताराबाई आपल्यासारख्यांना जवळच्या वाटाव्यात, यात नवल नाही.

परंतु शहरातील बालमंदिरांचे एक दुखणे होते. माँटेसरीची साधने महाग, आणि ती परवडणारी मुले सुखवस्तू घरांतील. १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी त्याच मुलखात वारली शेतमजुरांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. अनुताई वाघ येथेच ताराबाईंना येऊन मिळाल्या. अनुताई बालपणीच विधवा झालेल्या. शिक्षणासाठी त्यांनी केलेली धडपड हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हलले.

मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच पाड्यावर न्यावी, असे या दोघींनी ठरविले. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा; गुरे चरत असता तेथेच शिक्षण. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ती विकासवाडी. विलायती ठोकळ्यांच्या जागी खडे, शिंपले, बिया आणि पाने आली. मूल ती मोजी, रचे, निवडी, शेजाऱ्याला देई-घेई. अनुताईंनी मुलांना नुसते शिकविले नाही. त्यांना आंघोळी घातल्या, त्यांची नखे कापली. आणि भाषा? वारली मुलाची बोली वेगळी, शाळेची प्रमाण मराठी वेगळी. त्याला ती मराठी आपल्या मुलांच्या इंग्रजीइतकीच परकी वाटत असली पाहिजे. कोसबाडने त्या मुलांच्या गाण्यांना व बोलीला शाळेत मान दिला. मूल आधी आपल्या शब्दांत बोलते झाले, आणि हातातल्या वस्तूला धरून शाळेचा शब्द नंतर आला. माझ्या मते कोसबाडचे सर्वांत मोठे देणे हेच. साधने स्वस्त केली, ही त्यामानाने लहान गोष्ट.

ताराबाई १९७३ साली गेल्या. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांतही तो रोज उच्चारला जातो. त्यामागे डहाणूचे अंगण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अनुताईंचे निधन १९९२ साली झाले.

आता इंग्रजीकडे वळू. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील शाळांत एक प्रयोग केला. बंगलोर प्रकल्प या नावाने तो जगभर अभ्यासला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांपुढे नकाशा, आगगाड्यांचे वेळापत्रक, घराचा आराखडा ठेवावयाचा आणि त्यावरील कोडे इंग्रजीतून सोडवावयास सांगावयाचे. लक्ष कोड्यावर, भाषा आपोआप. येथे एक मतभेद नोंदविला पाहिजे. मुलांच्या गटकार्यावर प्रभूंचा फारसा भर नव्हता. मुले एकमेकांच्या चुकाच पक्क्या करतील, अशी त्यांना शंका होती. शंका अगदीच निराधार नाही. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला सर्वांत मोठी भीती चुकण्याची नसते, सर्वांसमोर बोलण्याची असते. आणि ती चौघांच्या घोळक्यात विरते.

हे कसे चालते, ते कोशिंबिरीच्या उदाहरणाने पाहू. चार मुलांच्या गटात एकाजवळ काकडी, दुसऱ्याजवळ मीठ, तिसऱ्याजवळ लिंबू, चौथ्याजवळ वाटी. कृतीच्या चित्रांची चिठ्ठी एकाच्याच हाती. मागितल्यावाचून कोणाला काही मिळत नाही आणि मागावयाचे ते इंग्रजीतून. ‘गिव्ह मी द सॉल्ट’ हे वाक्य अशा वेळी पाठ करावे लागत नाही, कारण मीठ खरोखरच हवे असते. मध्येच कोणी ‘अरे, लिंबू पिळ ना!’ म्हणाले, तर बाईंनी रागावू नये. ते मूल विचार करीत आहे, आणि विचार आपल्या भाषेत लवकर होतो.

महाराष्ट्राने २००० साली मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आणले. छत्तीसगढमध्ये २०२० पासून सरकारच्या स्वामी आत्मानंद इंग्रजी माध्यम शाळा निघाल्या, आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस केली. हे दोन प्रवाह एकाच वर्गात येऊन मिळतात आणि त्यांचा ताण लहान मुलाला सोसावा लागतो. शाळेने त्यासाठी घरीही इंग्रजीच बोला असा सल्ला दिला, तर तो आईबापांनी ऐकू नये, असे मला स्पष्ट म्हणावयाचे आहे. बालवर्गाच्या प्रवेशासाठी जाल तेव्हा इमारत आणि गणवेश अवश्य पाहा. परंतु थोडा वेळ वर्गाच्या दारात उभे राहून मुलांच्या हातांत काय आहे आणि ती एकमेकांशी बोलत आहेत की नाही, एवढे आधी पाहून घ्या.