विहिरीवरचा जागल्या

आमच्या आजोबांबरोबर जोंधळ्याच्या राखणीला मी लहानपणी पुष्कळदा गेलो आहे. शेताच्या मधोमध माळा, माळ्यावर घोंगडी, आणि माळ्यापासून बांधापर्यंत ताणलेली सुंभाची दोरी. दोरीला रॉकेलचे रिकामे डबे बांधलेले. बसल्या जागेवरून हिसडा दिला की पलीकडचे डबे खडखडत आणि भोरड्यांचा थवा भुर्रकन उडे. रात्री हीच दोरी उलट कामाला येई. बांधाशी रानडुकराचा धक्का लागला की उशाशी टांगलेला डबा वाजे आणि आजोबा काठी घेऊन उठत.

ज्या तेलाच्या डब्यांनी आम्ही शेत राखले, त्या तेलाच्या विहिरी कोण राखीत असेल, हा विचार तेव्हा मनात येण्याचे कारण नव्हते. पुढे आला, आणि मग त्याने पाठ सोडली नाही.

१८५९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानियात टायटसव्हिल येथे ड्रेक नावाच्या गृहस्थाने सुमारे सत्तर फुटांवर तेल काढले. त्यानंतर कितीतरी वर्षे विहिरीवरचा पहारा म्हणजे दोन पाय आणि दोन कान. पंपावरचा माणूस एका विहिरीवरून दुसरीवर हिंडे, टाकीत काठी बुडवून तेल मोजी, आणि पंपाच्या नुसत्या आवाजावरून आत काय बिनसले आहे ते सांगे. पण विहिरी हजारो फूट खोल जाऊ लागल्या तशी ही विद्या अपुरी पडली. वर घोड्यासारखे डोके हलवणारा पंप, आणि त्याला जोडलेली पोलादी सळ्यांची लांबच लांब माळ. एवढी लांब सळई रबरासारखी ताणते. वरचे टोक उचलले तरी खालचे लगेच हलत नाही. वरच्या हालचालीवरून खालची अवस्था कळावी कशी?

मग वैद्याने नाडी पाहावी तशी युक्ती निघाली. सळईवर पडणारा भार आणि तिची चाल यांचा आलेख कागदावर उमटवायचा. पंप भरलेला असला की आकृती एक, अर्धा रिकामा चालला असला की दुसरी. गिल्बर्ट या संशोधकाने १९३६ च्या सुमारास हे मोजमापाचे यंत्र थेट विहिरीच्या तळाशीच उतरवले. मौज अशी की त्याने काय लिहिले ते वाचायला सगळ्या सळ्या पुन्हा वर ओढाव्या लागत! अखेर साठीच्या दशकात शेल कंपनीतील गिब्ज यांनी सळईतून धावणाऱ्या लहरींचे गणित मांडून वरच्या मोजमापावरून तळाची आकृती काढण्याची रीत दाखवली. गणिताला नाके मुरडणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी ही हकीकत मुद्दाम सांगतो. पुढे विहीर रिकामी झाली की पंप आपोआप थांबवणारी यंत्रे आली, बिनतारी संदेशाने शेकडो विहिरींचे आकडे एका खोलीत येऊ लागले, आणि हिंडणारा माणूस खुर्चीत बसला.

खुर्चीत बसला खरा. पण त्याच्या समोर असतो तो आकडा, विहीर नव्हे. नळीत मेण साचते, खाऱ्या हवेने तारा गंजतात, रानातल्या यंत्राची बॅटरी मरते. संदेश तुटल्याची खूण पडद्यावर उमटण्याची सोय नसली, तर शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो. हजेरीपटावर हजर असलेला मुलगा वर्गात असतोच असे नाही, हे कोणत्याही शिक्षकाला पटेल. आणि उलट दुखणेही आहेच. १९९४ च्या जुलैत वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धी कारखान्यात स्फोट झाला, त्याआधीच्या अकरा मिनिटांत दोन कामगारांसमोर २७५ धोक्याच्या सूचना आल्या. म्हणजे दर अडीच सेकंदाला एक! कोणती ऐकावी माणसाने?

परंतु या सगळ्या इतिहासात माझे मन थबकते ते ६ जुलै १९८८ च्या रात्रीपाशी. स्कॉटलंडच्या ॲबर्डीन बंदरापासून सुमारे १९० किलोमीटरवर, उत्तर समुद्रात, पायपर अल्फा हा तेलाचा फलाट उभा होता. दिवसपाळीने एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीला काढली आणि त्या तोंडावर नुसते झाकण बसवले. तेही घट्ट नव्हते. पंपाचा परवाना एक, झडपेचा दुसरा. रात्री पावणेदहाला जोडीचा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या माणसांना पहिला कागद सापडला, दुसरा सापडला नाही; झडपेची जागा पंपापासून दूर, उंचावर, सहज न दिसणारी. त्यांनी पंप चालू केला. वायू सुटला, धोक्याच्या सूचना वाजल्या, आणि दहाच्या ठोक्याला स्फोट झाला.

आग विझवणारे पंप आपोआप सुरू होणारे होते. पण समुद्रात पाणबुडे काम करीत असले की ते पाण्याबरोबर आत ओढले जाऊ नयेत म्हणून पंप हाताने चालवायच्या कळीवर ठेवीत. दयेपोटी केलेली ही व्यवस्था! स्फोटानंतर त्या कळीपर्यंत कोणालाच पोचता आले नाही. शेजारच्या क्लेमोर आणि टार्टन फलाटांवरून आग दिसत होती, तरी नळांतून तेल ढकलणे चालूच राहिले. बंद करण्याचा हुकूम कोणी द्यावा, याची वाट पाहण्यात वेळ गेला. १६७ माणसे गेली, त्यांतले दोघे वाचवायला आलेले. ६१ वाचले, त्यांतल्या कित्येकांनी आज्ञा मोडून जळत्या समुद्रात उड्या घेतल्या होत्या. राहण्याच्या खोल्यांत सूचनेची वाट पाहणारे धुराने गुदमरले. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या.

आमच्या शेतावर एके वर्षी पौषात वारा सुटला. डबा रात्रभर विनाकारण वाजे. तीन रात्री आजोबा उठून उठून थकले, आणि चौथ्या रात्री त्यांनी उशाची दोरी सोडून ठेवली. त्याच रात्री डुकरे आली. सकाळी आडवे झालेले शेत पाहून ते काहीच बोलले नाहीत. त्या वर्षी सावकाराचे व्याज फिटले नाही, एवढे मला आठवते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ जळाले आणि अकरा माणसे गेली. नंतर चौकशीत तेथील एका तंत्रज्ञाने साक्ष दिली, की सर्वांना जागवणारा भोंगा आपोआप वाजू नये असा करून ठेवला होता. खोट्या हाकेने माणसांची पहाटे तीनला झोपमोड होऊ नये म्हणून. ते वाचताना मला माळ्यावरची सुटलेली दोरी दिसली.

आपल्या मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ने १९७४ साली तेल शोधले. त्याच मुंबई हायच्या उत्तर फलाटाशी २७ जुलै २००५ रोजी एक मदतनौका आली. तिच्यावरच्या आचाऱ्याच्या हाताला जखम झाली होती. त्याला उपचारासाठी फलाटावर उतरवायचे होते. आदल्या दिवशीच मुंबई महापुरात बुडालेली, पावसामुळे हेलिकॉप्टरे जमिनीवर. नौकेच्या संगणकी सुकाणूत बिघाड होता, म्हणून ती हाताने चालवीत फलाटाशी आणली. लाटेने ती ढकलली गेली आणि फलाटाच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या वायूच्या नळावर आदळली. दोन तासांत फलाट नाहीसा झाला. ३८४ जणांतले ३६२ वाचले, बावीस परतले नाहीत. त्यांतल्या काहींचे देहदेखील समुद्राने दिले नाहीत.