रहस्यमालिका आणि अपेक्षांचे क्षितिज

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठीवर सुरू झाली आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीची, एकूण कोकणाचीच बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असे आक्षेप लगोलग उठले. हे आक्षेप अरसिकतेच्या खाती जमा करणे सोपे आहे. पण जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा. आणि आमच्या कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

रहस्यकथेतील भुताटकी हा आभास असतो, अखेरीस त्याचा उलगडा व्हायचा असतो, हा संकेत बाबुराव अर्नाळकरांच्या वाचकालाही ठाऊक होता. मात्र शेवटचे पान त्याच्या हाताशीच असे. दैनंदिन मालिकेत ते पान आठ महिने लांबले. दरम्यान रोज रात्री उरे तो निव्वळ आभास. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो ते येथे प्रेक्षकाच्या अज्ञानाने नव्हे, रूपबंधानेच ढळले, असे मला वाटते.

अमेरिकेत 'पुश, नेव्हाडा' (२००२) या मालिकेने प्रेक्षकाला दहा लाखांहून अधिक डॉलर्सच्या शोधाला लावले होते. ती सातच भागांत आटोपली. तेथे प्रत्येक खूण बक्षिसाशी बांधलेली होती. नाईकांच्या वाड्यात प्रेक्षकाला मिळवायचे काहीच नव्हते. गावाला मात्र नाव गमवायचे होते.

२०१९च्या पूर्वकथेत अण्णा नाईकांचा मृत्यू सर्वांना आधीच ठाऊक होता. तरीही प्रेक्षक रमला, आणि तो अण्णांपायीच.