बारा बेटांचा कारभार

परकी राज्याची किंमत त्याच्या इमारतींवरून ठरवावी काय? ईजियन समुद्रातील डोडेकानीज, म्हणजे ‘बारा बेटे’, यांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. ऱ्होड्स आदिकरून ही बहुतांशी ग्रीकभाषी बेटे इटलीने १९१२ साली तुर्कांपासून घेतली. १९२३ च्या लोझानच्या तहाने तो कब्जा कायम झाला. गव्हर्नर मारिओ लागो याने रस्ते व भव्य इमारती बांधल्या. परंतु कारभार हुकुमांनी चाले, आणि रहिवाशांस दिलेल्या नागरिकत्वात राजकीय हक्क नव्हते. १९३६ साली आलेल्या दे वेक्कीने तर शाळांतून इटालियन सक्तीची करून ग्रीक शिक्षणाची गळचेपी केली. १९४७ च्या पॅरिसच्या तहाने बेटे ग्रीसला मिळाली. त्या इमारती आजही उभ्या आहेत. परंतु तेवढ्यावरून ते राज्य न्यायाचे होते, असे आम्ही म्हणणार नाही.