केसभर फटीचा इतिहास

१/ ताम्हिणीच्या चढणीवर सुपरचार्जरची खडखड विरून जाते. माथ्यावर गाडी न्यूट्रलला उभी केली की ती पुन्हा ऐकू येते. हा लपंडाव समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते.

२/ अमेरिकेतील कॉनर्सव्हिल येथे फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंची लोकरीची गिरणी होती. पाणचक्कीऐवजी त्यांनी एकमेकांत फिरणारे लाकडी पंखे घडवले. ते ओलाव्याने फुगून अडकले, तासल्यावर मात्र जोराचा वारा फेकू लागले, असे सांगतात. १८६० साली पेटंट मिळाले आणि हा भाता ओतशाळांच्या भट्ट्यांना हवा पुरवू लागला.

३/ १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडिसने सुपरचार्जर बसवलेल्या मोटारी मांडल्या. या भात्यातील रोटर परस्परांना शिवत नाहीत; दातेरी चाके त्यांच्यातील केसभर फट राखतात.

४/ कप्पी व रोटर यांमधला जोड झिजला की मंद गतीत खडखडतो. भार येताच ढिलाई ताणली जाते, आवाज लपतो. म्हणून कुशल मेकॅनिक पट्टा काढून इंजिन क्षणभर चालवतो, मग कप्पी हाताने मागेपुढे हलवून पाहतो. जोड वेळीच बदलला तर काम थोडक्यात निभावते. बेअरिंग वा दातेरी चाके झिजली असतील आणि दुर्लक्ष झाले, तर रोटर एकमेकांवर घासतात व धातूचा कीस इंजिनात जातो. रूट्स बंधूंना अडवणारी फट आजही तितकीच निर्णायक आहे.